विष्णु नावाची माणसे

मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन पदांचे असते: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. या तिन्हींपैकी पहिले पद त्या एका व्यक्तीचेच असावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु जुनी नियतकालिके आणि चरित्रकोश चाळू लागले की ध्यानात येते की हेच पद सर्वांत सामाईक आहे, आणि माणसाची ओळख पटते ती उरलेल्या दोन पदांवरून. विष्णू हे नाव याचे फार चांगले उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात या एका नावाची इतकी माणसे इतक्या निरनिराळ्या क्षेत्रांत वावरली, की त्यांना शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्या काळाचा एक आडवा छेदच हाती येतो.

हे नाव इतके आढळते याचे कारण नावांचा साठाच मर्यादित होता. संध्येच्या आरंभी आचमन करताना, म्हणजे तळहातावर पाणी घेऊन ते प्राशन करताना, विष्णूची चोवीस नावे क्रमाने उच्चारली जातात. केशव, नारायण, माधव आणि गोविंद यांच्यानंतर पाचवे नाव विष्णू येते आणि पुढे मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, दामोदर, वासुदेव, जनार्दन, हरी अशी ती यादी कृष्णापर्यंत जाते. ज्या घरांत ही यादी रोज म्हटली जाई त्या घरांनी मुलांची नावे बहुधा तिच्यातूनच उचलली, आणि म्हणून विष्णु नारायण भातखंडे, विष्णु वामन शिरवाडकर, विष्णु वासुदेव नारळीकर या नावांत मुलाचे आणि वडिलांचे अशी दोन्ही पदे त्या चोविसांतलीच आहेत. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याचा प्रघात होता. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या नातवाचे नाव बाळाजी बाजीराव, आणि गोव्याच्या धर्मानंद दामोदर कोसंबींच्या मुलाचे, पुढे गणिती व इतिहासकार म्हणून विख्यात झालेल्या त्या पुरुषाचे नाव दामोदर धर्मानंद. नाव ठेवताना मुलाच्या भवितव्याचा विचार फारसा नसे. घरातली गेलेल्या माणसाची जागा पुन्हा भरावी, ही इच्छा असे. नावाबरोबर वृत्तीही, म्हणजे उपजीविकेचा पिढीजात हक्कही, पुढच्या हातात जाईल, उपाध्येपण, कुलकर्ण्याचे दप्तर किंवा शास्त्र्याची पोथी घरातच राहील, हे त्या नावात गृहीत धरलेले असे. विष्णू नावाच्या माणसांची चरित्रे वाचताना मनाला भिडते ते हे गृहीत एकेका आयुष्यात कसे सुटत गेले, हेच.

ते गृहीत जवळजवळ पूर्णपणे पाळणारा विष्णू म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. भिक्षुकी करणारे हे तरुण भटजी घरचे कर्ज फिटावे म्हणून 1857 मध्ये काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले, कारण ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कोकणापर्यंत आली होती. वाटेत शिपायांचे बंड पेटले. झाशीला इंग्रजी फौजेचा वेढा पडला तेव्हा विष्णुभट शहरातच होते. तिथली लूट आणि कत्तल त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, मिळवलेले द्रव्य हातचे गेले, आणि अखेर ते घरी परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हा वृत्तांत लिहून काढला. वैद्यांनी तो पुष्कळ फेरफार करून 1907 मध्ये 'माझा प्रवास' या नावाने छापला, आणि मूळ संहिता वाचकांपुढे आली ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये ती प्रसिद्ध केल्यावर. विष्णुभटांनी आपली वृत्ती कधी सोडली नाही. पण दक्षिणेसाठी घराबाहेर पडलेल्या या माणसाने बंडाचे जे वर्णन मागे ठेवले त्याच्या तोडीचे दुसरे वर्णन मराठीत नाही.

त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे विष्णु भिकाजी गोखले यांनी मात्र वृत्तीबरोबर आडनावही मागे टाकले. काही काळ सरकारी जकात खात्यात नोकरी केल्यावर ते तपश्चर्येकडे वळले आणि विष्णुबुवा ब्रह्मचारी या नावाने प्रसिद्धीस आले. 1857 मध्येच मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ते ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद करीत होते. वैदिक धर्माच्या या कैवाऱ्याने दहा वर्षांनी, 1867 मध्ये, 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला आणि त्यात सर्व प्रजेचे एक कुटुंब मानावे, जमीन सर्वांची असावी, पीक एकत्र साठवून ज्याला जितके लागेल तितके द्यावे, अशी मांडणी केली. युरोपातल्या समाजवादी ग्रंथांशी संबंध न येता हा माणूस या विचारापर्यंत आला असावा असे त्याचे लेखन वाचताना वाटते, आणि मराठी वैचारिक इतिहासात त्याला आजवर मिळाली त्याहून मोठी जागा द्यायला हवी.

सांगलीच्या विष्णु अमृत भावे यांची कीर्ती याहून पुष्कळ सुरक्षित आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यावर तसे काही मराठीत व्हावे, अशी इच्छा सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांना झाली. ते काम भाव्यांवर सोपवले गेले, आणि 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. त्या खेळात लिहिलेली अशी होती ती पदे, आणि ती सूत्रधार गाई. पात्रे त्या पदांचा रोख धरून आपापली भाषणे आयत्या वेळी रचीत. पदांच्या अखेरीस कर्त्याची खूण म्हणून जे नाव घातले जाते त्याला नाममुद्रा म्हणतात. भाव्यांची नाममुद्रा 'विष्णुदास' होती, आणि पुढे तेच त्यांचे रूढ नाव झाले. इथे एक अडचण उभी राहते, कारण एकनाथकालीन कवी विष्णुदास नामा याने हेच पद तीनशे वर्षे आधी वापरले होते, आणि त्याच्या नावातील 'नामा' या अक्षरांमुळे त्याचे अभंग थेट संत नामदेवांच्या गाथेत मिसळले गेले. कोणता अभंग कोणत्या नाम्याचा, हे भाषेच्या जुनेपणावरून आणि आशयावरून ठरवण्यात अभ्यासकांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या. नामसाम्याने एखाद्याची रचना दुसऱ्याच्या पदरी जाते, आणि मोठ्या नावाच्या सावलीत धाकट्याचे कर्तृत्व दिसेनासे होते.

असेच काहीसे, पण अधिक चटका लावणारे, दोन विष्णुशास्त्र्यांच्या बाबतीत घडले. शास्त्री ही संस्कृत शास्त्रांचे अध्ययन केलेल्यांना लावली जाणारी पदवी. एकोणिसाव्या शतकात ती नावाला इतकी घट्ट जोडली जाई की आडनाव पुष्कळदा उच्चारलेही जात नसे. आज 'विष्णुशास्त्री' एवढेच म्हटले की सुशिक्षित मराठी वाचकाच्या मनात चिपळूणकर येतात. 1874 ते 1881 या काळात 'निबंधमाले'चे 84 अंक जवळजवळ एकट्याने लिहिणारे, सरकारी नोकरी सोडून 1880 मध्ये टिळक आदी सहकाऱ्यांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढणारे, 'केसरी' व 'मराठा' यांच्या स्थापनेत पुढे असणारे, आणि 1882 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आतच निधन पावलेले हे गृहस्थ मराठी गद्याचे शिल्पकार होते यात शंका नाही. वाक्याला जोर कसा द्यावा, उपरोध कुठवर ताणावा आणि भाषेचा अभिमान गद्यात कसा उतरवावा, हे पुढच्या तीन पिढ्या त्यांच्याकडून शिकल्या.

परंतु त्यांच्या आधी एक विष्णुशास्त्री होऊन गेले होते, आणि 1860 नंतरच्या दहा वर्षांत त्या नावाने तेच ओळखले जात. विष्णुशास्त्री पंडित (1827–1876) हे मुंबईच्या 'इंदुप्रकाश'च्या मराठी बाजूचे संपादक होते. ईश्वरचंद्र विद्यासागरांचा विधवाविवाहावरील ग्रंथ त्यांनी मराठीत आणला, पुनर्विवाहाला उत्तेजन देणारे मंडळ उभारले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि 1869 मध्ये मुंबईत जो गाजलेला पुनर्विवाह झाला त्यामागे त्यांचेच श्रम होते. त्या विवाहाला साहाय्य करणाऱ्यांवर बहिष्कार पडला. पुढच्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांसमोर पुनर्विवाहाच्या शास्त्रीयतेवर वाद झाला तेव्हा सुधारकांची बाजू मांडणाऱ्यांत पंडित अग्रभागी होते, आणि निर्णय विरुद्ध गेला तरी त्यांनी काम सोडले नाही. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला. मंचावरून जे सांगितले ते घरात आणणारी माणसे त्या पिढीत फार थोडी होती, आणि त्यांत पंडितांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते.

दोघांच्या हातात एकच साधन होते, संस्कृत विद्या आणि मराठी नियतकालिक. पण पंडितांनी स्मृतिवचने धुंडाळली ती विधवेला घरात जागा मिळावी म्हणून, तर चिपळूणकरांनी आपले अपूर्व गद्यसामर्थ्य लोकहितवादींवर, प्रार्थनासमाजावर आणि जोतीराव फुल्यांवर शस्त्रासारखे चालवले. फुल्यांच्या मराठीची 'निबंधमाले'त झालेली टवाळी आज वाचताना खेद होतो, कारण ज्याला भाषेची इतकी जाण होती त्याला फुल्यांच्या रांगड्या वाक्यामागचे दुःख ऐकू आले नाही. पंडितांच्या वाट्याला असे गद्य आले नव्हते. त्यांचे काम वाक्यांत नव्हे तर माणसांच्या संसारांत उरले, आणि संसार छापले जात नाहीत. शैली टिकली आणि तिच्याबरोबर ते नावही एकाच्या मालकीचे झाले. वाङ्मयेतिहासाने केलेला हा अन्याय हेतुपुरस्सर नाही, तरी तो अन्यायच आहे, आणि ज्या ज्या ठिकाणी नुसते 'विष्णुशास्त्री' छापले जाते तिथे आडनाव लिहिण्याचा नेम पाळला तर तो थोडा तरी कमी होईल.

पुढच्या पिढीत शास्त्र्यांची पोथी मागे पडते. कुरुंदवाड या कृष्णाकाठच्या छोट्या संस्थानाने महाराष्ट्राला दोन विष्णू दिले. पहिले विष्णुपंत छत्रे, संस्थानच्या अश्वशाळेतील निष्णात घोडेस्वार. मुंबईत आलेली इटालियन कियारिनीची सर्कस पाहून त्यांनी स्वतःची सर्कस काढायचे ठरवले, आणि 1880 मध्ये तिचा पहिला खेळ झाला. संपूर्ण भारतीय अशी ती पहिली सर्कस मानतात. केरळात तलश्शेरीला त्यांची गाठ कीलेरी कुञ्ञिकण्णन या व्यायामशिक्षकांशी पडली, आणि सर्कशीला कसरतपटू पुरवणारी जी परंपरा तिथे नंतर शतकभर चालली तिचा उगम या भेटीत आहे. हेच छत्रे ग्वाल्हेरच्या हद्दू खाँकडे ख्याल शिकले होते, आणि गुरुपुत्र रहिमत खाँ विपन्नावस्थेत सापडले तेव्हा त्यांना त्यांनी आपल्या सर्कशीबरोबर ठेवून सांभाळले. वाघसिंहांचे पिंजरे आणि ग्वाल्हेर गायकीचा एक श्रेष्ठ गवई एकाच तांड्यात गावोगाव फिरत होते.

दुसरे विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म 1872. वडील कीर्तनकार होते आणि मुलाने तेच करावे हे ओघानेच आले असते. परंतु लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टीला मोठी इजा झाली, शाळा सुटली, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्याचा मार्ग उरला. 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संस्थानिकांच्या मेहेरबानीवर जगणारी कला शुल्क भरून, वेळापत्रकाप्रमाणे, मध्यमवर्गातल्या मुलामुलींना शिकता यावी ही त्यांची कल्पना आज साधी वाटते. त्या काळी ती धाडसाची होती.

त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे विष्णु नारायण भातखंडे मुंबईत वाळकेश्वरचे. ते वकील होते. पण वकिली बाजूला ठेवून त्यांनी देशभर प्रवास केला, ग्रंथालयांतली संगीतावरील हस्तलिखिते पाहिली, गवयांकडून चिजा मिळवल्या, 'चतुर पंडित' या टोपणनावाने संस्कृतात लक्षणग्रंथ लिहिला आणि रागांची दहा थाटांत, म्हणजे दहा मूळ स्वरसंचांत, विभागणी केली. संगीताच्या जगात या दोघांचा उल्लेख आजही जोडीने होतो, पण त्यांची वाट एक नव्हती, आणि हे त्यांच्या स्वरलिपींत, म्हणजे गाणे कागदावर उतरवण्याच्या चिन्हपद्धतींत, स्वच्छ दिसते. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर बिंदू दिला की तो तार सप्तकातला, म्हणजे वरच्या पट्टीतला. पलुस्करांच्या लिपीत तोच बिंदू डोक्यावर आला की स्वर मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, आणि तार स्वरासाठी उभी रेघ. कोमल स्वराखाली भातखंडे आडवी रेघ ओढतात, पलुस्कर पाय मोडल्याची खूण करतात. एका विष्णूची वही उघडून दुसऱ्याच्या सवयीने वाचली तर गाणे उलटेच होईल. शेवटी भातखंड्यांची लिपी अधिक रूढ झाली, कारण ती छापायला व शिकवायला सोपी होती. पलुस्करांचे यश शिष्यांच्या रूपाने पसरले, आणि ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांच्या गळ्यांतून ते ऐकू येत राहिले.

लाहोरचे नाव आणखी एका विष्णूच्या चरित्रात येते. विष्णु गणेश पिंगळे हा पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा तरुण अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेला गेला, गदर या क्रांतिकारक पक्षात सामील झाला, मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला, आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा व इतर साथीदारांबरोबर फासावर गेला. पलुस्करांच्या विद्यालयाचा आरंभ होऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती.

विद्वत्तेच्या क्षेत्रात विष्णु सीताराम सुकथनकर (1887–1943) यांच्याइतके चिरस्थायी काम या नावाच्या दुसऱ्या कोणी केले असेल असे वाटत नाही. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला भाषाशास्त्र शिकलेले सुकथनकर 1925 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. चिकित्सक आवृत्ती म्हणजे एका ग्रंथाच्या उपलब्ध हस्तलिखितांतील पाठ ओळीगणिक ताडून, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून निघाली हे ठरवून, सर्वांच्या मुळाशी असलेल्या पाठाकडे जाण्याचा प्रयत्न. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतल्या, सारख्याच नावाच्या पण परस्परांहून भिन्न असलेल्या या पोथ्यांची घराणी त्यांनी लावली, आणि आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण केले. जानेवारी 1943 मध्ये मुंबईत महाभारताच्या अर्थावरील व्याख्यानमाला चालू असताना चौथे व्याख्यान देण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. संपूर्ण आवृत्ती पुरी व्हायला 1966 उजाडले.

1908 हे वर्ष तर या नावाच्या बाबतीत विलक्षणच ठरले. त्या एका वर्षात कोल्हापूरला विष्णु वासुदेव नारळीकर, त्याच जिल्ह्यातील हसूरचंपू येथे विष्णु माधव घाटगे, आणि विदर्भातल्या नरवेल या खेड्यात विष्णु भिकाजी कोलते जन्माला आले. नारळीकर केंब्रिजचे रँग्लर झाले, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होऊन त्यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर संशोधन करणारे विद्यार्थी घडवले. घाटग्यांनी जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचे शास्त्र, आत्मसात केले, आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांनी आखलेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 मध्ये आकाशात गेले. स्वतंत्र भारतात आखलेले ते पहिले विमान. कोलत्यांनी महानुभाव पंथाच्या पोथ्यांत आयुष्य घातले. या पोथ्या सकळ लिपी नावाच्या सांकेतिक लिपीत, म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे योजणाऱ्या लेखनात, बंद होत्या. त्यांच्या अभ्यासातून कोलत्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. एक विष्णू विश्वाच्या रचनेचे समीकरण मांडतो, दुसरा पंखाचा आकार ठरवतो, तिसरा तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचे बोलणे शब्दशः वाचवतो. आणि तिघांच्याही घरी नाव ठेवताना यांपैकी कशाची कल्पना कोणी केली नसणार.

नाव हे घराचे असते, याचा सर्वांत ठळक पुरावा दत्तकविधानात मिळतो. ज्या घराला पुत्र नाही त्याने दुसऱ्या घरचा मुलगा विधिपूर्वक घेतला की मुलाचे पितृनाम बदलते, आणि कधी त्याचे स्वतःचे नावही. मराठीला पहिले ज्ञानपीठ पारितोषिक 1974 साली मिळाले ते 'ययाति'कार वि. स. खांडेकर यांना, आणि दुसरे 1987 साली मिळाले ते कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर यांना. या दोघांची जन्मनावे अनुक्रमे गणेश आत्माराम आणि गजानन रंगनाथ. दोघेही दत्तक गेले, आणि दोघांनाही नव्या घरी विष्णू हेच नाव मिळाले. एक विष्णु सखाराम झाला, दुसरा विष्णु वामन. शिरवाडकरांनी कवितेसाठी धाकटी बहीण कुसुम हिच्या नावावरून स्वतः निवडलेले नाव घेतले, आणि नाटके व गद्य दत्तक नावाने लिहिले. पुरुषाच्या बाबतीत असे नामांतर अपवादाने होई. स्त्रीच्या बाबतीत लग्न हेच नामांतर होते. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, आणि अमेरिकेत 1886 मध्ये वैद्यकीची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. यमुना नावाच्या स्त्रियांचा असा आलेख काढायचा म्हटले तर तो काढता येणार नाही, कारण ते नाव त्यांच्याकडे राहू दिलेच गेले नाही.

आणखी एक मर्यादा स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. वर आलेले बहुतेक विष्णू ज्यांच्या हाती पिढ्यानपिढ्या लेखणी होती अशा घरांतले आहेत. शेतकरी व कष्टकरी घरांत हाच देव विठोबा म्हणून येई आणि मुलाचे नाव विठू, विठ्ठल असे पडे, पण त्या नावाच्या माणसांना शाळेची दारे उघडायला फार उशीर झाला. मराठी ग्रंथांवर छापल्या जाणाऱ्या 'वि.' या आद्याक्षरात हे सारे झाकले जाते: वि. स. खांडेकरांतील विष्णू, वि. का. राजवाड्यांतील विश्वनाथ, वि. दा. सावरकरांतील विनायक आणि वि. रा. शिंद्यांतील विठ्ठल. जमखंडीच्या विठ्ठल रामजी शिंद्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी 1906 मध्ये जे मिशन काढले ते शाळेची हीच दारे उघडण्याचे काम होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाव शहरी घरांत ठेवले जाणे जवळजवळ थांबले. नावांचा साठा वाढला, आजोबांचे नाव पाळण्यात आणण्याची सक्ती उरली नाही. आज विष्णू हे नाव पहिल्या पदावरून दुसऱ्या पदावर सरकले आहे. विष्णु दिगंबरांचा मुलगा, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेलेला तो गोड गळ्याचा गायक, दत्तात्रेय विष्णु पलुस्कर. आणि 1938 मध्ये कोल्हापूरला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ, ज्यांनी मराठीत विज्ञानकथाही लिहिल्या, ते जयंत विष्णु नारळीकर.